पर्जन्यछायेतील सावल्या : मराठी बोलणाऱ्या छायाकारांचा इतिहास

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेलगाव मागे पडले की सिरसाळा येते. कापूस, सोयाबीन, जमेल तिथे ऊस आणि बारमाही पावसाची धाकधूक ही या मुलखाची ओळख आहे. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास असले, तरी तेवढाही पाऊस वेळेवर येईलच असे नाही. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना कोकणातच रिते होतात आणि पठाराच्या वाट्याला उरते ती पर्जन्यछाया. ही कोरडी पट्टी सिरसाळ्याच्या परिसरातून सोलापूर, विजयपूर, कोप्पळ, बळ्ळारी अशी दक्षिणेला उतरत आंध्रातील अनंतपूरपर्यंत जाते. तेथे तर सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्याच घरात आहे.

याच पट्टीच्या दक्षिण टोकाला अनेक पिढ्या एक खेळ चालत आला. पिके निघाली की गावाच्या मोकळ्या पटांगणात बांबू रोवायचे, त्यांवर पांढरे कापड ताणायचे, कापडामागे एरंडेल तेलाचे दिवे लावायचे आणि कातड्याच्या रंगीत बाहुल्या त्या उजेडात नाचवायच्या. रात्र चढत जाई तसे कापडावर हनुमान, जटायू, जांबवंत आणि सोनेरी मृग अवतरत. कन्नड मुलखात या खेळाला ‘तोगलु गोंबेयाट’ म्हणतात, तेलुगू मुलखात ‘तोलु बोम्मलाट’. दोन्ही नावांचा अर्थ एकच, कातड्याच्या बाहुल्यांचा खेळ.

प्रेक्षक कन्नड किंवा तेलुगू, संवाद कन्नड किंवा तेलुगू, गाणीही त्याच भाषांत. पण पडद्यामागे बसलेले कुटुंब आपसांत बोलते ती भाषा मात्र मराठी. या कलावंतांची दखल महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाने फारशी घेतलेली नाही. तंजावरच्या राजांवर ग्रंथ निघाले, पानिपतानंतर हरियाणात राहिलेल्या रोड मराठ्यांवर चर्चा झाली. कातड्याच्या बाहुल्यांची टोपली घेऊन गावोगाव फिरणारे मराठीभाषक मात्र कोणत्याच अभिमानाच्या यादीत बसले नाहीत. ते ना सरदार होते, ना पंडित.

एडगर थर्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने के. रंगाचारी यांच्या साहाय्याने दक्षिण भारतातील जातीजमातींवर सात खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, तो १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘किळ्ळेक्यात’ या जमातीची नोंद मराठी बोलणारे, कातड्याच्या चित्रांचे खेळ करीत हिंडणारे लोक अशी आहे. पुरुष मासेमारी करीत, बायका गोंदण्याचे काम करीत. खेळ हंगामी, पोट मात्र बारमाही; म्हणून ही जोडधंद्यांची सोय. मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात हेच लोक ‘कटबू’ या नावानेही ओळखले जात.

जमातीला नाव मिळाले ते तिच्याच एका बाहुलीवरून. किळ्ळेक्यात हा या खेळातला विदूषक आहे. काळा, वाकडातिकडा, सुटलेल्या पोटाचा आणि तोंडाचा फटकळ. त्याची बायको बंगारक्का. रामायणातील प्रसंग कितीही गंभीर असो, मध्येच ही जोडी पडद्यावर घुसते, एकमेकांना शिव्या घालते आणि गावातील सावकार, पाटील, महागाई, कोरडी विहीर यांवर बोलून जाते. देवांच्या तोंडी जे घालता येत नाही ते या दोघांच्या तोंडी घालता येते. आपल्याकडे तमाशातल्या सोंगाड्याने जे केले तेच हे काम आहे. बघणाऱ्यांना राम आवडे, पण खेळकऱ्यांना त्यांनी नाव दिले ते या विदूषकाचे.

हे लोक दक्षिणेत कसे गेले? त्यांच्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर मराठ्यांच्या फौजांशी आणि राजवटींशी जोडलेले आहे. शहाजीराजांची जहागीर बंगळूरला होती. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि तेथील मराठा राज्य १८५५ पर्यंत टिकले. तमिळनाडूत मदुराई-कन्याकुमारी भागातील ‘तोलपावैकूत्तु’ करणारी मंडिकर कुटुंबे स्वतःला याच मराठी स्थलांतराशी जोडतात आणि तीही घरात मराठी बोलतात. आंध्रातील निम्मलकुंटा हे धर्मावरमजवळचे गाव या कलेचे मोठे केंद्र आहे. तेथील कारागिरांत ‘सिंधे’ असे लिहिले जाणारे आडनाव आढळते. मराठी कानाला त्यात शिंदे ऐकू आल्यावाचून राहत नाही.

अर्थात ही कला मराठी माणसाने निर्माण केली असा दावा करण्यात अर्थ नाही. सुभट कवीचे ‘दूतांगद’ हे संस्कृत नाटक १२४३ मध्ये गुजरातेत अणहिलपाटणला झाले, त्याला ‘छायानाटक’ म्हटले आहे. त्या शब्दाचा नेमका अर्थ काय, यावर विद्वानांचे एकमत नाही. त्याआधी साधारण ११३० च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या ‘चित्रकथका’चा उल्लेख येतो. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. बीड-धाराशिवचा मुलूख तेव्हा याच राजवटीत होता. कथा सांगताना डोळ्यांसमोर चित्र धरायचे, ही रीत या पठाराला आठ-नऊ शतकांपूर्वीही परिचित होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. ओडिशाच्या ‘रावणछाया’त बाहुल्यांना रंगच नसतो, नुसत्या काळ्या सावल्या. केरळच्या भद्रकाली मंदिरांत त्यासाठी कायमची कूत्तुमाडे बांधलेली असतात आणि पडद्यामागे नारळाच्या करवंट्यांतून एकवीस दिवे लावतात. मराठीभाषकांनी चालवलेल्या कर्नाटक-आंध्राच्या परंपरेचे वैशिष्ट्य वेगळे आहे. तिच्यात सावलीला रंग आहे.

हा रंग कातड्याच्या प्रक्रियेतून येतो. चपलेसाठी किंवा मोटेसाठी कातडे रापवतात, तसे ते येथे रापवले जात नाही. कच्चे कातडे कोमट पाण्यात भिजवून, केस आणि चरबी खरवडून, ताणून वाळवतात. मग ते पातळ, पिवळसर आणि अर्धपारदर्शक होते. त्यावर आकृती कोरायची, दागिने आणि वस्त्रांच्या नक्षीसाठी छिणीने बारीक भोके पाडायची, दोन्ही बाजूंनी रंग भरायचे. दिवा मागे आला की भोकांतून ठिणग्यांसारखा शुभ्र उजेड येतो आणि रंगवलेल्या भागातून तांबडा, हिरवा, निळा. खांदा, कोपर, कंबर, गुडघा वेगवेगळे कापून दोऱ्याच्या गाठीने जोडलेले असतात. मधोमध फाटलेल्या बांबूची काठी.

बाहुली पडद्याला टेकवली की रेषा स्पष्ट होते. दिव्याकडे मागे ओढली की ती मोठी आणि धूसर होते. हनुमानाचे उड्डाण, राक्षसाचे अंतर्धान, स्वप्न, मूर्च्छा हे सारे या चार-दोन हातांच्या अंतरात घडवता येते. आंध्राच्या बाहुल्या चार ते सहा फुटांपर्यंत उंच असतात. कर्नाटकात त्या लहान, पण तेथे एकाच कातड्यावर संपूर्ण देखावा कोरण्याची पद्धत आहे: झाड, झाडावर माकडे आणि पक्षी, बुंध्याशी साप, खाली बसलेली सीता. अशोकवन एका हातात उचलता येते. आणखी एक मजेची गोष्ट अशी की तेथे बाहुलीचा आकार पात्राच्या दर्जाप्रमाणे ठरतो. राजा मोठा, नोकर लहान.

खेळ सगळे कुटुंब मिळून करते. पुरुष बाहुल्या नाचवतो आणि गातो, बायका स्त्रीपात्रांचे आवाज देतात, मुले बाहुल्या हातात देतात. आंध्रात युद्धाच्या प्रसंगी टाचेखाली लाकडी फळ्या आपटून खडखडाट करतात. स्त्रियांनी रंगमंचावर यावे की नाही, यावर मराठी नाट्यसृष्टीत पुढे पुष्कळ वाद झडला. या फिरत्या मराठीभाषक कुटुंबांत सीता आणि द्रौपदी बाईच्याच आवाजात बोलत आल्या.

आता कातडे कोणाचे, हा प्रश्न. आंध्राच्या परंपरेत त्याची स्पष्ट विभागणी होती. देव आणि महाकाव्यांतील नायक यांच्यासाठी काळविटाचे कातडे, कारण ते शुभ मानलेले. भीम आणि रावण यांच्यासाठी चितळाचे, कारण ते चिवट असते आणि या दोघांच्या वाट्याला झटापट फार. उरलेली पात्रे बकऱ्याच्या कातड्याची. वनात राहणारा राम वनातल्या प्राण्याच्या कातड्यातून प्रकट होत असे आणि त्याला भुलवणारा मारीचही हरणाचेच रूप घेऊन येत असे. या माळरानांवर तेव्हा काळविटांचे कळप होते. फासेपारध्यांसारख्या शिकारी जमातींचा त्यांच्याशी जसा संबंध होता, तसा या खेळकऱ्यांचाही होता. एका बाहुलीचे कातडे दोन-तीन पिढ्या टिकते, त्यामुळे मागणी मोठी नसे. काळवीट कमी झाले ते बंदुका, शिकारीचे शौकीन आणि नांगराखाली गेलेली गवताळ राने यांमुळे. बाहुल्यांचा त्यातील वाटा नगण्य होता.

कातडे रानाचे होते, तशी खेळामागची गरज पावसाची होती. कर्नाटकात आणि आंध्रात पाऊस लांबला किंवा गुरांवर रोग आला की गाव वर्गणी काढून या मंडळीला बोलावी. अशा वेळी महाभारतातील विराटपर्व लावण्याची प्रथा विशेष होती. विराटपर्वच का, याचे कारण त्या पर्वातच सापडते. पांडव अज्ञातवासात आहेत, दुर्योधनाचे हेर हात हलवीत परतले आहेत. तेव्हा भीष्म सांगतात की ज्या देशात युधिष्ठिर राहत असेल तेथे मेघ वेळेवर आणि पुरेसे बरसत असतील, शेते पिकत असतील, गाई पुष्ट असतील. तसा देश शोधा. धर्मराजाचा ठावठिकाणा ओळखण्याची खूण म्हणजे पाऊस. दुष्काळी गावाने ही खूण उलटी वापरली. कथेतून धर्मराजाला आपल्या वेशीत आणून बसवले, तर मागोमाग पाऊसही येईल.

सिरसाळा-परळीच्या बाजूला याच गरजेतून दुसरे रूप निघाले. मराठवाड्यात पाऊस रुसला की धोंडी निघते. मुलाच्या अंगाला कडुनिंबाचा पाला बांधतात, बेडूक सोबत घेतात, घरोघरी त्यांच्यावर पाणी ओततात. येथे बेडूक, तेथे हरीण. येथे घागरभर पाणी, तेथे रात्रभर दिवा. एकाच पर्जन्यछायेतील गावांनी आभाळाशी बोलण्यासाठी शोधलेल्या या दोन भाषा आहेत. पाऊस त्याने पडला की नाही, हे येथे दुय्यम ठरते. दुष्काळात गाव सर्वांत आधी आतून फुटते, विहिरीवरून आणि चाऱ्यावरून भांडणे सुरू होतात. अशा वेळी सगळ्यांनी वर्गणी काढून एका रात्री एकाच पडद्यासमोर बसणे यालाच मोल होते.

महाराष्ट्राच्या आजच्या सीमेत ही कला टिकली ती मात्र पर्जन्यछायेच्या बाहेर, तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या सिंधुदुर्गात. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर आदिवासी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या हे तिन्ही प्रकार करतात. सावंतवाडीच्या भोसले संस्थानाने त्यांना आश्रय दिला होता. खेळाचा हंगाम पावसाळ्यानंतरचा, नवरात्रापासून पुढे देवळांतून सुरू होणारा. ठाकरांची चित्रकथीची चित्रे आणि मराठवाड्यातील पैठणशी नाते सांगणारी ‘पैठण चित्रे’ यांत इतके साम्य आहे की अभ्यासक त्यांचा विचार एकत्रच करतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रे जपलेली आहेत. अॅना डालापिकोला यांनी १९८० मध्ये जर्मन भाषेत पैठण चित्रांवर ग्रंथ लिहिला. गोदाकाठच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रांवर महत्त्वाचा ग्रंथ जर्मनमध्ये व्हावा आणि गोदाकाठच्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसावा, हेही आपल्या रीतीला धरूनच झाले.

पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपला गुरांचा गोठा मोकळा करून तेथे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी २०२० मध्ये निम्मलकुंट्याच्या दळवाई चलपती राव यांना ती मिळाली होती, आणि २०२५ मध्ये कोप्पळ जिल्ह्यातील मोरनाळच्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. भीमव्वांच्या आडनावातच जमातीचे, म्हणजे त्या काळ्या विदूषकाचे नाव आहे. सहा वर्षांत एकाच कलेला तीन राज्यांत तीन पद्मश्री मिळाल्या. सरकारी याद्यांत मात्र हे लोक वेगवेगळ्या खणांत आहेत. महाराष्ट्रात ठाकर अनुसूचित जमातीत, कर्नाटकात शिळ्ळेक्यात अनुसूचित जातीत. एक जमात मूळची त्याच मातीतील, दुसरी फिरस्ती. दोघींच्या हातातील कातडे आणि दिवा एकच.

या सगळ्या कथेत १९७२ हे वर्ष कळीचे आहे. महाराष्ट्र त्या वर्षी शतकातील एका भीषण दुष्काळात होता. मराठवाड्यातील माणसे खडी फोडायला आणि नालाबंडिंगच्या कामावर जात होती, सुकडी खात होती. जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘बहात्तरचा दुष्काळ’ ही आजही कालगणनेची खूण आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेचा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले. कायदा आवश्यकच होता. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात १९८० मध्ये रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य झाले. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे आहे, पण त्या भागात काळवीट दिसते याला या कायद्याचा मोठा आधार आहे.

बाहुली करणाऱ्यापुढे मात्र त्यामुळे नवा प्रश्न आला. देवासाठी शुभ कातडे आता मिळणार नव्हते. त्याने तो प्रश्न गाजावाजा न करता सोडवला. सगळेच बकऱ्याच्या कातड्यावर आणले, देव, दानव आणि विदूषक. शतकांची श्रेणी एका पिढीत मोडली. जुन्या हरणाच्या बाहुल्या कोठे कुटुंबांच्या टोपल्यांत राहिल्या, कोठे संग्रहालयांत गेल्या. बंगळूरच्या चित्रकला परिषदेत एम. एस. नंजुंड राव यांनी जमवलेला मोठा संग्रह आहे.

दुसरा आघात दिव्यावर झाला. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला, तोही पांढऱ्या पडद्यावर उजेडाने उमटवलेले पुराणच. पुढे जत्रांतून तंबू टॉकीज आले. एकच पडदा, एकच अंधार, तेच देव. पण हे देव आता कुणा माणसाच्या बोटांवर अवलंबून नव्हते. खेळकऱ्यांनीही एरंडेलाचे दिवे सोडून आधी गॅसबत्ती आणि मग विजेचा बल्ब घेतला. बल्ब स्वस्त, स्थिर आणि वाऱ्याने न विझणारा. त्याची ही स्थिरताच मुळावर आली. तेलाची ज्योत थरथरते, त्या थरथरीने उभी बाहुलीही श्वास घेत असल्यासारखी वाटते. बल्बपुढे ती नुसते चित्र होते, तिला सतत हलवत ठेवावे लागते. मग गावाच्या चौकात खांबावर दिवे आले आणि पडद्यासाठी लागणारा काळोखच दुर्मीळ झाला.

ही वीज कोठून आली? सिरसाळा ज्या तालुक्यात आहे त्या परळीतच १९७० च्या दशकाच्या आरंभी औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर जनित्रे फिरवायची. २०१३ च्या दुष्काळात हे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, २०१५ मध्ये पुन्हा तेच झाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पावसासाठी ज्या भागात दिवा लावीत त्याच भागात आता दिव्यासाठी पाऊस लागतो. कोळशाच्या धुराने जगाचे हवामान तापते आहे आणि मराठवाड्यात पावसाचे दिवस कमी होऊन एकेका दिवशी ढगफुटीसारखा कोसळणारा पाऊस वाढतो आहे, हे शेतकऱ्याला वेधशाळेने सांगण्याची गरज उरलेली नाही. विराटपर्वात भीष्मांनी सांगितलेली खूण ‘वेळेवर आणि पुरेसा’ अशी होती. दुष्काळ आणि अतिवृष्टी एकाच हंगामात भेटू लागल्यावर ती खूण लावायची कोणत्या देशाला?

जगात इतरत्र ही कला नवे रूप घेताना दिसते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ऑपेरा हाऊसच्या शिडासारख्या छतावर २०१७ पासून ‘बडू गिली’ नावाचा प्रकाशखेळ दाखवला जातो. उघड्या आभाळाखाली, इमारतीलाच पडदा करून, तेथील आदिम समाजांच्या चित्रकारांची चित्रे उजेडातून उमटवली जातात. गॅडिगल लोकांच्या भाषेत ‘बडू गिली’ म्हणजे पाणी आणि उजेड. ज्या किनाऱ्यावरून त्या लोकांना हुसकावले गेले, त्याच किनाऱ्यावरच्या सर्वांत प्रसिद्ध भिंतीवर आता त्यांचा शब्द दिसतो. इंडोनेशियाच्या ‘वायांग’ला युनेस्कोने २००३ मध्येच मानवजातीचा वारसा म्हणून गौरवले आणि त्या देशाने आपल्या छायाकाराला, म्हणजे ‘दालांग’ला, राष्ट्रीय प्रतिष्ठा दिली. आपल्याकडे किल्ल्यांवर आणि स्मारकांवर ध्वनिप्रकाशाचे खेळ होतात. पिंगुळीचा ठाकर किंवा मोरनाळचा शिळ्ळेक्यात त्यांच्या आखणीत असायला हवा, कारण उजेडाने गोष्ट सांगण्याचा या भूमीतील सर्वांत जुना अनुभव त्यांच्याकडे आहे. रोषणाईची निविदा काढणाऱ्यांना बहुधा कंत्राटदारच आठवतो.

निम्मलकुंट्याने स्वतःपुरता मार्ग काढला. रात्रीचे खेळ विरळ झाल्यावर तेथील कारागीर त्याच कातड्याचे दिव्यांचे झाकण करू लागले. लहानमोठे, गोल, चौकोनी, घरात टांगण्याजोगे. २००८ मध्ये आंध्रच्या या चर्मबाहुली-कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. या झाकणांवर रामायणातील प्रसंग असतात, पण शहरी गिऱ्हाइकाला मोर, झाडे, फुले आणि हरणे जास्त आवडतात. पूर्वी हरणाच्या कातड्यावर देव कोरले जात, आता बकऱ्याच्या कातड्यावर हरीण कोरले जाते. दिवा तोच, पण तो आता पटांगणातून बैठकीच्या खोलीत आला आहे आणि त्यापुढे बसून कोणी पावसाची वाट पाहत नाही.

जुन्या मंडळ्यांत बाहुल्या टोपलीत ठेवण्याचाही नियम होता. गणपती सर्वांत वर, देव एकीकडे, राक्षस दुसरीकडे. राम आणि रावण एकावर एक ठेवायचे नाहीत. एखादी बाहुली इतकी झिजली की भोके फाटून एकमेकांत मिसळली आणि सांधे धरेनासे झाले, की ती उकिरड्यावर टाकत नसत. माणसाला निरोप द्यावा तसा विधी करून तिला वाहत्या पाण्यात सोडत. कोप्पळच्या बाजूला त्यासाठी तुंगभद्रा आहे. अनंतपूरच्या बाजूला, जेथे नद्या वर्षातील बराच काळ वाळूच्या असतात, तेथे हा निरोप पहिल्या पुरापर्यंत थांबतो.